मंगळवारची अराबा

एबो क्वान्सा कुणाला शाळेतल्या नावानं हाक मारायचाच नाही. रक्तपेढीच्या खिडकीशी कुणी उभं राहिलं, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुठल्या वारचा?" शुक्रवारचा म्हणालं की, "ये कोफी, शुक्रवारवाले सुईला घाबरतात, डोळे मीट." घानाच्या किनाऱ्यावर फांटी लोकांच्या त्या गावात जन्मवारावरूनच घरचं नाव पडतं. एबो स्वतः मंगळवारचा. मंगळवारचं माणूस आलं की त्याचा आवाज नांदीला उभं राहिल्यासारखा खुलायचा.

सरकारी रुग्णालयाच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून तेवीस वर्षं गेली त्याची. तो शिकाऊ परिचारिकांना सांगायचा, "रक्तगटांत ए, बी, ओ ही आपली नायकमंडळी. त्यांना सगळे ओळखतात. पण किड, केल, डफी ही कोपऱ्यात उभी राहणारी पात्रं, आणि नाटक बुडवतात तीच."

त्या सोमवारी वॉर्डातून चिठ्ठी आली: फिलिशिया आर्हिन, वय अठरा, सिकलसेल, हिमोग्लोबिन चार. एबोनं लाल वही उघडली. ज्यांच्या अंगात परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली आहेत, अशांची नावं तीत होती. फिलिशिया नव्हती. आर्हिन मात्र पाच होते, गावात अर्धे लोक आर्हिनच. त्याचं बोट पाचही ओळींवरून सरकत खाली गेलं. रक्त नीट जुळवून पाहिलं, ऊब देऊन, लपलेली प्रतिपिंडं शोधणारी कूम्ब्सची चाचणी लावून. कुठं गुठळी नाही. दोन पिशव्या वर गेल्या. वॉर्ड तीस पायऱ्यांवर होता. तो स्वतः गेला असता, तर वार विचारलाच असता.

सातव्या दिवशी सिस्टर डेडे खिडकीशी आली. "एबो, तुझ्या त्या पोरीचे डोळे पिवळे झालेत. लघवी सोबोलोच्या लालभडक सरबतासारखी. हिमोग्लोबिन तीन."

एबो पायऱ्या चढून गेला. पोरीची आई, आंटी एफुआ, तिच्या ओठांशी पेला धरून म्हणत होती, "अराबा, घोटभर घे गं."

"अराबा?" एबोनं विचारलं.

"मंगळवारची ना ती. फिलिशिया शाळेतलं. कागदावर शाळेचंच द्यावं लागतं साहेब, घरचं सांगितलं तर नोंदणीवाले खेडवळ समजतात."

तो खाली आला. वहीत तिसरी ओळ, त्याच्याच अक्षरात, सहा वर्षांपूर्वीची: अराबा आर्हिन, वय बारा. किड-ए विरुद्ध प्रतिपिंड. किड-ए असलेलं रक्त देऊ नये. शेजारी एक चांदणी. मंगळवारची म्हणून त्यानंच हौसेनं काढलेली. ही प्रतिपिंडं काही महिन्यांत इतकी विरतात, की चाचणीला सापडत नाहीत. शरीराला मात्र आठवण असते. तसलं रक्त पुन्हा आलं, की आठवड्यात उसळून उठतात आणि ते रक्त फोडतात. म्हणून तर ती वही होती.

वही काखेत मारून तो वर गेला, तेव्हा तरुण डॉक्टर एफुआला फैलावर घेत होता. "पूर्वी त्रास झाला होता, तर कार्ड कुठंय? दुसरं नाव का नाही सांगितलं?"

"माझीच चूक," एफुआ म्हणाली. "मीच पोरीला मारलं म्हणा."

एबोनं वही काखेत आणखी आत सरकवली. मग पोरीच्या रक्ताचा नमुना घेऊन तो जवळजवळ पळतच खाली गेला.

आता पोरीच्या रक्तात ती प्रतिपिंडं जागी होती, त्यामुळे कुठलं रक्त चालणार नाही हे तीच गुठळी करून दाखवणार होती. फ्रीजमधल्या पिशव्या, आलेले नातेवाईक, तिला चालणाऱ्या बी आणि ओ गटाचे मिळून सत्तावीस नमुने एबोनं तिच्या रक्तद्रवाशी लावले. पंचवीस गुठळले. दोन स्वच्छ राहिले. दुपारी चारला त्यातल्या एकाची पिशवी तो स्वतः घेऊन आला.

एफुआ पलंगाच्या आड उभी राहिली. "नको. मागचंही तुमच्याच खिडकीतून आलं होतं. तेव्हाही जुळतंय म्हणालात."

"आंटी, हे जुळतंय."

"का म्हणून विश्वास ठेवू?"

एबोनं वही तिच्यापुढं उघडली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानंच वाचलं. "हे मी लिहिलंय. गेल्या सोमवारी या ओळीवरून माझं बोट गेलं. आडनाव तेच होतं. मी थांबलो नाही, वर येऊन विचारलंही नाही. चूक तुमची नव्हती."

"डॉक्टर मला बोलत होता, तेव्हा हे तुमच्या काखेत होतं?"

"होतं."

ती बाजूला झाली. "लावा. आणि इथंच बसा, ते संपेस्तोवर. पळून जायचं नाही."

तो स्टुलावर बसला. थेंब मोजत राहिला. दुसऱ्या तासाला अराबानं डोळे उघडले.

"काका, तुम्ही कुठल्या वारचे?"

"मंगळवारचा."

"मग मला ओळखायला हवं होतंत."

बारा वर्षांच्या पोरीच्या नावापुढची ती चांदणी त्याला दिसत राहिली.

शनिवारी हिमोग्लोबिन सहावर गेलं, पुढच्या आठवड्यात तिला घरी सोडलं. जाताना एफुआनं वॉर्डभर केळीच्या पानात उकडलेली मक्याची केंके वाटली. सिस्टर डेडेला दोन मिळाली. एबोच्या खिडकीसमोरून टोपली घेऊन एफुआ सरळ निघून गेली. एबोनं मान वर केली नाही. लाल वहीत अराबाच्या पुढं त्यानं फिलिशिया लिहिलं, आणि मग उरलेल्या एकेका ओळीवर बोट ठेवून, त्यांचं दुसरं नाव विचारायला जायचं म्हणून, ती माणसं कुठं राहतात हे तो आठवायला लागला.