प्रजेच्या भूमिकेत मेंढरं

दुष्काळात आमच्या भागात पाणी येत नाही, पाहुणे येतात. कुणी फोटो काढायला येतं, कुणी अहवाल लिहायला, कुणी जुने कपडे वाटायला. त्या वर्षी नाटकवाले आले. शहरातले पंधरा-वीस जण, स्वतंत्र बस करून, चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी नाटक मराठीत घेऊन. येताना मांजरसुंब्याला ढाब्यावर जेवले होते. तिथली शेवभाजी किती अस्सल होती हे मला पहिल्या पाच मिनिटांत तिघांनी सांगितलं. मला तिथंच त्यांचा वीट यायला हवा होता. आला नाही, कारण मी हुरळलो होतो.

मी तेव्हा साखर कारखान्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो. इंग्लंडच्या राणीच्या काळातली ती जुनी नाटकं मी वीस वर्षं खडूनं फळ्यावर शिकवली. राजा कोण, दगा कुणी दिला, कितव्या अंकात कोण मेलं. पोरं गाईड वाचून पास व्हायची आणि विसरून जायची. पण यातलं एकही नाटक मी स्वतः रंगमंचावर पाहिलेलं नव्हतं, हे मी कुणाला सांगत नसे. त्यामुळे कारखान्याच्या चेअरमननी बोलावून "सर, तुमचं ते इंग्रजी नाटक येतंय आपल्या छावणीवर, तुमीच बघा त्यांच्याकडं," असं सांगितलं, तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं.

कारखाना त्या वर्षी बंद होता. ऊसच नव्हता तर गाळायचं काय? उसाच्या गाड्या उभ्या राहायच्या त्या मोठ्या आवारात चारा छावणी उघडली होती. गाई, बैल, म्हशी दाव्याला बांधलेल्या आणि त्यांचे मालक शेजारी खाटा टाकून राहिलेले. नाटक याच लोकांसमोर करायचं अशी कल्पना होती. चेअरमनना त्यात पुढची निवडणूक दिसत होती आणि दिग्दर्शकाला दिल्लीचा महोत्सव. मला तेवढं नाटक दिसत होतं.

दिग्दर्शक पस्तिशीचा असेल. पहिल्या दिवशी तो छावणीत अनवाणी फिरला. "इथली माती बोलते सर," असं मला म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याला सराटा टोचला आणि माती बोलायची थांबली. मग त्यानं बूट घातले आणि डोकं चालवायला सुरुवात केली.

छावणीच्या फाटकाबाहेर एक मेंढपाळ नवराबायको थांबले होते. शिरूर कासारकडचे. मी त्यांना मामा-मामी म्हणायचो. छावणीत फक्त मोठी जनावरं घेत, मेंढरांना आत जागा नव्हती. म्हणून ते बाहेर बाभळीखाली जाळी लावून, त्या जाळीच्या गोलात मेंढरं कोंडून बसायचे आणि छावणीतून बाहेर फेकलेलं उष्टं वाडं, परगावाहून आणलेल्या उसाचे शेंडे, वेचून आणायचे. कळपातल्या निम्म्या मेंढ्या गाभण होत्या. त्यांचे सोबती दोन दिवसांत गंगथडीकडं निघणार होते. तिकडं नदीकाठी अजून हिरवं होतं. मामाही त्यांच्याबरोबर जाणार होते. एवढं एकच काम त्यांच्यापुढं होतं, पाऊस पडेपर्यंत कळप जिवंत ठेवायचा.

तो कळप फाटकासमोरून जाताना दिग्दर्शकानं पाहिला आणि माझा दंड धरला. "सर, प्रजा! ही आपली प्रजा!"

नाटकात राज्य गेलेला राजा शेवटचं आपल्या प्रजेपुढं उभा राहून बोलतो, असा एक प्रवेश होता. प्रजा म्हणून माणसं उभी करण्याऐवजी मेंढरं उभी करायची, हा त्याचा नवा अर्थ. प्रेक्षकांत बसलेल्या माणसांना मेंढरं म्हणायला तो शेकडो मैल आला होता, आणि मला ते फार खोल वाटलं. आज आठवलं की शिसारी येते. तेव्हा मी वहीत लिहून घेतलं होतं.

चेअरमननी एका मिनिटात मार्ग काढला. "मेंढरं नाटकाला द्या म्हणावं. नाटक झालं की सगळी मेंढरं छावणीत घेतो. सांगा त्यांना माझा शबूद हाय."

मी सांगायला गेलो. मामी खडा उचलून फेकत म्हणाल्या, "मेंढरं घेत न्हाईत म्हणत्यात की छावणीत."

"चेअरमनचा शब्द आहे मामी."

"आन तुमचा?"

"माझाही."

त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. दोन दिवसांनी सोबती गंगथडीला गेले. हे दोघं राहिले.

तालमी आठवडाभर चालल्या. ओट्यासारखा लाकडी मंच बांधला होता. मेंढरं त्यावर चढवायची, मामा पडद्यामागं उभे राहून तोंडानं बारीक आवाज काढायचे आणि त्या आवाजावर कळप जिथल्या तिथं थांबायचा. अशी शिस्त त्या मंडळीतल्या एकाही नटाला नव्हती. तरी दिग्दर्शकाचं समाधान होईना. मेंढरं फार धडधाकट दिसतात, दुष्काळ दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. मग कारखान्याच्या बॉयलरची राख आणून ती मेंढरांना फासली. दुष्काळाला दुष्काळाचा मेकअप! मामी लांब उभ्या राहून पाहत होत्या. संध्याकाळी त्यांनी एकेक मेंढी पदरानं पुसून काढली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा राख.

प्रयोग उन्हं उतरताना झाला, कारण दिग्दर्शकाला खरा सूर्य हवा होता. मी खोटं बोलणार नाही. पहिला अर्धा तास मी भान विसरलो. वीस वर्षं फळ्यावर मेलेली ती वाक्यं माणसाच्या तोंडून येत होती. राजा झालेला नट खरंच चांगला होता. मुकुट हातात घेऊन तो मेंढरांपुढं उभा राहिला आणि म्हणाला, बोला, तुम्ही तरी बोला. मामांनी आतून वेगळाच आवाज दिला आणि सगळा कळप एकदम बें बें करून ओरडला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोक हसले, टाळ्या पडल्या. माझ्या मागं बसलेला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "आपल्याला मेंढरं म्हणायलाय का बे ह्यो?" शेजारी म्हणाला, "गप बस, जेवण हाय मागून."

त्याला वाटलं होतं जेवण सगळ्यांना आहे. जेवण फक्त पाहुण्यांना होतं.

नाटक संपलं की आमच्याकडं खरं नाटक सुरू होतं, ते म्हणजे सत्कार. सत्काराशिवाय सहकारात काही संपत नाही. मंचावर खुर्च्या मांडल्या. चेअरमन, संचालक मंडळ, दिग्दर्शक आणि टोकाला मामा-मामी. मामांना शाल आणि फेटा, मामींची खणानारळानं ओटी. सूत्रसंचालन माझ्याकडं, म्हणून मी मामांच्या शेजारी. एक नियम सगळ्यांना ठाऊक होता, लिहिलेला कुठंच नव्हता. चेअरमन बोलत असताना मंचावरून कुणी उठत नाही. एकदा एक संचालक लघवीला उठला होता, पुढच्या निवडणुकीत त्याचं नाव पॅनलमध्ये नव्हतं.

चेअरमन बोलायला उभे राहिले. कारखाना हे एक कुटुंब आहे, इथून सुरुवात झाली.

मंचाच्या मागं आचाऱ्यांचा तंबू होता आणि त्याला लागून त्या दिवसापुरती आत आणलेली मेंढरांची जाळी. कापडाच्या फटीतून आम्हाला तिरकं दिसत होतं. दोनशे पानांचा स्वयंपाक केला होता आणि पाहुणे होते चाळीस. मसालेभाताचं अख्खं पातेलं उरलं होतं. पलीकडं छावणीतली माणसं बिनजेवणाची खाटांवर बसलेली, पण भात त्यांना द्यावा असं कुणाच्या मनात आलं नाही. नटमंडळींना मेंढरांची दया आली. तोंडाचे रंगसुद्धा न पुसता ती पोरं-पोरी ताटंच्या ताटं जाळीत ओतत होती. एक मुलगी रडत होती, "किती भुकेली आहेत गं बिचारी!" राजा अजून मुकुट घालून होता, तो ओंजळीनं भरवत होता, आणि कुणीतरी त्याचा फोटो काढत होतं.

मामा खुर्चीतून अर्धे उठले.

मी त्यांचं मनगट धरलं. "मामा, बसा. चेअरमनचं भाषण चालू आहे."

"सर, भात घालायलेत," ते कुजबुजले. "मेंढराला भात सोसत न्हाई. उपाशी हायेत, लई खातील."

"दोनच मिनिटं."

ते बसले. फेटा सैल होऊन कपाळावर आला होता, तो त्यांनी वर केला नाही. मामी त्यांच्याकडं पाहत होत्या आणि मी चेअरमनकडं. भाषण अर्धा तास चाललं. त्या अर्ध्या तासात माझी पकड मी एकदाही सैल केली नाही.

मला ठाऊक नव्हतं असं मी अनेक वर्षं लोकांना सांगितलं. ते खोटं आहे. मी शेतकऱ्याच्या घरचा. उपाशी जनावरानं शिजलेलं अन्न खाल्लं की पोट फुगतं, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं.

भाषण संपलं तेव्हा पातेलं रिकामं होतं. मामा धावत गेले. मेंढरं शांत उभी होती, काहींच्या तोंडाला भाताची शितं होती. नटमंडळी खुशीत होती. एकानं मामांना मिठी मारली आणि म्हणाला, "आज आम्ही त्यांना पोटभर जेवू घातलं काका!"

सकाळी मी गेलो तेव्हा रात्रीच परत बाभळीखाली नेलेल्या मेंढ्यांची पोटं ढोलासारखी ताणली होती. काही दात खात होत्या, काही मान वळवून आडव्या पडल्या होत्या. मामा एकेकीच्या तोंडात गोडेतेल आणि खायचा सोडा ओतत होते, मामी उरलेल्यांना उठवून चालवत होत्या. छावणीच्या डॉक्टरनं आधी मेंढरं आपल्याकडं येत नाहीत म्हणून सांगितलं, मग त्याचं त्यालाच कसं तरी वाटलं असावं, बॅग घेऊन आला. सुया टोचल्या. गाभण होत्या त्या आधी गेल्या. दुपारपर्यंत निम्म्याहून जास्त कळप गेला.

मंडळींची बस तेवढ्यात निघत होती. मी खिडकीपाशी जाऊन दिग्दर्शकाला सांगितलं. त्यानं डोळे मिटले, कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "निसर्ग किती क्रूर असतो ना सर." बस हलली. त्याच्या तोंडावर थुंकावं असं मला वाटलं, आणि मी हात हलवून निरोप दिला.

तसाच चेअरमनकडं गेलो. निदान उरलेली मेंढरं तरी आत घ्या म्हणालो.

"नियमात बसत न्हाई सर. मोठी जनावरं, एवढंच हाय नियमात."

"तुम्ही शब्द दिला होता."

"आवो, नाटक व्हायला पाहिजे होतं का न्हाई? तवा तसं बोलावं लागतं." मग ते जरा मवाळ झाले. "जेसीबी पाठवतो, वास सुटायच्या आत पुरून टाका. उद्या साहेब येणारेत छावणी बघायला."

ते खोटं बोलले याची मला तेव्हा चीडसुद्धा आली नाही. नियम त्यांना पहिल्या दिवशीही माहीत होता, आणि मलाही. फक्त ते मोठे आहेत, काहीतरी करतील, असं मी धरून चाललो होतो. असं धरून चालण्यावरच आमचा सगळा सहकार उभा आहे.

कारखान्याच्या मागं, पाचटाच्या ढिगापलीकडं, जेसीबीनं खड्डा घेतला. मेंढरं त्यात लोटली. उरलेली दहा-पंधरा लांब बाभळीला टेकून उभी होती, आणि मामी त्यांच्यापाशी. मामा खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो. बराच वेळ माती पडत राहिली.

मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी एरवी पोरांना शंका विचारायला सांगायचो, तसं त्यांनी साधेपणानं विचारलं.

"सर, मी उठलतो. तुमी कावून धरलं?"

मी भ्यालो होतो. कॉलेज चेअरमनचं होतं आणि मला माझी खुर्ची प्यारी होती. हे सांगायला तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते वेगळंच.

"भाषण चालू होतं मामा."

त्यांनी थोडा विचार केला आणि मान हलवली. तेवढ्यात मामी जवळ आल्या, सर काय म्हणतात म्हणून विचारू लागल्या. मामांनी त्यांना समजावून सांगितलं, "त्यांचं काय चुकलं न्हाई. भाषण चालू व्हतं ना, म्हणून धरलं त्यांनी."