पाटी जुनी, इंजिन नवं

भवानी पेठेत आमचं दुकान होतं, विहिरीवरच्या ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांचं. मी चौथीपर्यंत शिकलेली. आकडे वाचता येत होते आणि त्या धंद्याला तेवढं पुरतं असं मला वाटायचं.

प्रत्येक इंजिनाच्या अंगावर पितळेची छोटी पाटी असते. तिच्यावर नंबर ठोकलेला असतो. आम्ही ज्या इंजिनांचा माल ठेवायचो, त्यांच्या नंबरातल्या पहिल्या दोन आकड्यांवरून साल कळायचं. मध्ये कारखान्यानं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, बदललं होतं. जुन्या हेडात पाण्याची भोकं गोल, नव्यात लांबट. बोल्ट मात्र चारच, त्याच जागी. त्यामुळे हेडखाली घालायचं गॅस्केट एकाचं दुसऱ्यावर नीट बसायचं, पण भोकं जुळत नसल्यानं पाणी अडून हेड तापायचं, आणि खरी पंचाईत तीच होती. बसतंय म्हणजे बरोबर आहे असं माणूस धरून चालतो.

नवरा पाटीवर भरवसा ठेवायचा नाही. गिऱ्हाइकाला विचारायचा, "चाकाला आरे किती?" सहा असले तर जुनं, पाच असले तर नवं. मला तो वेळ घालवण्याचा प्रकार वाटायचा. नंबर समोर असताना आरे कशाला मोजायचे?

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा एक उन्हाळा. नवरा माल आणायला कोल्हापूरला गेला होता. कुंभारीची एक बाई आली. गॅस्केट जळून इंजिन बंद पडलं होतं आणि वाफ्यात कांद्याचं रोप उभं होतं.

"नंबर आणलाय का?"

"आणलाय की. लेकीनं लिवून दिलाय."

चिठ्ठीवरचा नंबर जुन्या सालाचा होता. मी गोल भोकांचं गॅस्केट दिलं.

तिसऱ्या दिवशी ती परत आली. हातात तेच गॅस्केट, जळून काळं झालेलं.

"अक्का, काय दिलंत हो ह्ये? पंदरा मिन्टं चाललं आन् हेडला हात लावू देईना."

"बसवलं कुणी?"

"दिरानं. त्यो वर्सानुवर्सं ह्येच करतोय."

"नंबर जुना आहे, गॅस्केट जुनंच लागणार."

"मग तुमच्या नंबरानंच पानी काडा की!"

दुकानातली दोन माणसं हसली. मी कुलूप लावलं, दोन्ही तऱ्हेची गॅस्केटं पिशवीत घातली आणि तिच्याबरोबर कुंभारीच्या बसमध्ये बसले.

विहिरीवर गेल्यावर आधी चाक बघितलं. आरे पाच. इंजिन नवं होतं. पाटीवर हळदीकुंकवाचा थर होता, आणि ती रिबिटांनी ठोकलेली नव्हती, तारेनं बांधलेली होती. बाईची सासू तिथंच लिंबाखाली बसली होती. तिला विचारलं.

"ती पयल्या इंजिनाची. त्ये फुटलं, भंगारात गेलं. पाटी कशी देनार? दर दसऱ्याला तिचीच पूजा केली, तिच्यावरच घर वर आलं."

"मग ह्या इंजिनाची पाटी कुठाय?"

"हाय की घरात. कालच्या पाटीला काय मान असतो व्हय?"

मी पिशवी उघडली. लांबट भोकांचं गॅस्केट दिराच्या हातात दिलं. त्यानं बोल्ट आवळले, हँडल मारलं. मी अर्धा तास हेडवर हात ठेवून उभी राहिले. कोमट झालं, त्याच्या पुढं तापलं नाही. पाटात पाणी आलं.

बाई खालच्या वाफ्यांकडे गेली होती. एक रोप उपटून तिनं मुळी बोटानं चुरली. मुळी कोरडी होती.

"खालचे चार वाफे गेले," ती म्हणाली.

"गेले. चूक माझी झाली."

पाटी दुसऱ्या इंजिनाची होती हे खरंच. पण आरे किती ते विचारायला मला कुणी अडवलं नव्हतं. विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी पाणी सुरू झालं असतं. पेठेत बसून चार वाफे जाळले मी.

तिनं ऐकलं आणि फावडं उचललं. "वरचं वाचंल अजून. तुमी जावा, बस जाईल."

"जाऊ दे."

"दारं धरता येत्यात काय तुमाला?"

"येतात."

माहेरी लग्न होईपर्यंत तेच केलं होतं, एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी वळवणं. मी चपला बांधावर काढल्या, पदर खोचला, आणि पहिल्या वाफ्याचं तोंड फोडून पाणी आत घेतलं.