दोन चाकांची रिक्शा

सायकलला कर असायचा, असं आजच्या पोरांना सांगितलं तर ती आपल्याकडे कीव केल्यासारखं बघतात. पण आमच्या वेळी नागपुरात होता. वर्षातून एकदा महापालिकेच्या खिडकीपुढे रांग लावायची, कर भरायचा आणि मिळालेला पत्र्याचा बिल्ला सायकलच्या पुढच्या दांडीला तारेनं बांधायचा. दर वर्षी बिल्ल्याचा आकार निराळा. त्यामुळे गेल्या वर्षीचाच बिल्ला घासूनपुसून मिरवणाऱ्यांची पंचाईत व्हायची. त्या मिरवणाऱ्यांत मी होतो, हे वेगळं सांगायला नको.

त्या वर्षी हा कर वाढला. वाढीव पैशातून महाल-इतवारी या जुन्या वस्त्यांतली गर्दी मोकळी करू, चौक रुंद करू, रस्त्यावरच्या धुळीचा आणि धुराचा बंदोबस्त करू, अशा नोटिसा भिंतीभिंतीवर लागल्या. ती नोटीस मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पानठेल्यावर मोठ्यानं वाचली आणि माझ्यातला पुढारी जागा झाला.

"माह्यी सायकल धूर सोडते काय? मंग धुराचा पैसा मी काहून देऊ? इतवारीतले टेम्पो पहा, कसे काळं ओकून राहिले! त्यायच्यापासून घ्या म्हणा!"

ठेल्यावरच्या मंडळींनी माना डोलावल्या. त्यांची तोंडं पानानं भरलेली होती, त्यामुळे दुसरं काही करणं त्यांना शक्यच नव्हतं. मी मात्र त्यालाच लोकमत समजलो आणि तत्त्वासाठी बिल्ला न घेण्याचं ठरवून घरी आलो. तत्त्वाच्या मागे रांगेत उभं राहायचा कंटाळा होता, पण तो मंडळींना दिसला नाही.

घरी वेगळीच धांदल होती. आमचं लग्न नुकतंच झालं होतं आणि माझ्या बायकोला कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्रातून टायपिस्टच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. या मुलाखतीसाठी तिनं काय केलं नव्हतं! सकाळी टायपिंगच्या क्लासात, दुपारी पोळपाटावर बोटं बडवत. माझ्या मोठ्या भावानं "बायकांनी एवढ्या लांब राखेत कशाले जायचं?" असं म्हणून पाहिलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि पातळ इस्त्रीला टाकलं. पण माझ्यापाशी ती स्पष्ट बोलली होती, "ही एक नोकरी लागली तं लागली. नाही तं मंग हे सगळे मले म्हणतील, पाहिलं, आम्ही सांगितलं होतं. मले ते ऐकाचं नाही."

कोराडीला वेळेत पोचवणारी बस सकाळी सीताबर्डीवरून सुटायची. त्यानंतरची दुपारी, म्हणजे कामाची नाही.

"आपण रिक्शा करू," ती म्हणाली.

"घरची सायकल असताना? मी सोडतो नं तुले डबलसीट."

"बिल्ला काढला काय? त्या दिवशी मले लफडं नाही पाहिजे, सांगून ठेवते."

"काढला म्हणजे काय! काढलाच समज."

'समज' या शब्दावर तिनं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, पण तेवढ्यात दूध उतू गेलं.

आता बिल्ला आणणं भाग होतं. पण तत्त्व सोडलं तर पानठेल्यावर तोंड कसं दाखवायचं? म्हणून मी मधला मार्ग काढला. नव्या वर्षाचे बिल्ले नुकतेच निघाले होते आणि आमच्या गल्लीत अजून कोणीच ते घेतले नव्हते. आमच्याकडे पकडेपर्यंत कर न भरण्याची रीत होती. पण सायकल दुरुस्तीच्या दुकानाबाहेर एक पुढचं चाक आणि हँडल ताडपत्रीतून डोकावत होतं आणि त्यावर कोरा करकरीत तिकोनी बिल्ला होता. मी इकडेतिकडे पाहून त्यावर कागद धरला आणि पेन्सिल फिरवली. टिनवाल्याकडून तुपाच्या डब्याच्या पत्र्यातून तस्सा बिल्ला कापून घेतला. आकडे खिळ्यानं मीच ठोकले. इतका सुबक बिल्ला महापालिकेलाही जमला नसता. रात्रभर मला माझ्या हुशारीनं झोप आली नाही.

मुलाखतीच्या सकाळी आम्ही निघालो. ती कॅरिअरवर, मांडीवर सर्टिफिकिटांची पिशवी. महालातून बाहेर पडताना चौकात पाहिलं तर तपासणी! खाकीतले शिपाई, बाजूला जप्त सायकलींनी भरत आलेला ट्रक आणि मधोमध चष्मा लावलेले इन्स्पेक्टर. ज्या गर्दीवर इलाज म्हणून कर बसवला होता, ती गर्दी तिथं महालानं कधी पाहिली नव्हती एवढी झाली होती. हातठेले अडकलेले, रिक्शा अडकलेल्या आणि एक टेम्पो साहेबांच्या पाठीशी निवांत धूर सोडत उभा. त्याला कोणी विचारत नव्हतं, कारण तो सायकल नव्हता.

तपासणी दिसली की शहाणी माणसं खाली उतरून सायकल हातात धरून चालायला लागायची. हातात धरलेल्या सायकलला कर नाही, असा आमच्या महालातला कायदा होता. तो पालिकेला मान्य नव्हता ही गोष्ट वेगळी. आजूबाजूचे सगळे पटापट उतरले. मी एकटा छाती काढून पुढे गेलो आणि वर साहेबांना घंटी वाजवली.

"थांबा जी. बिल्ला?"

"आहे नं साहेब! हा काय!"

साहेब वाकले. बिल्ला पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मग सायकलच्या मागे गेले आणि वाकून कॅरिअरच्या खाली बघू लागले.

"काय शोधून राहिले साहेब?"

"तिसरं चाक."

मला काही कळेना.

"तिकोनी बिल्ला सायकल-रिक्शाचा असते भाऊ," साहेब म्हणाले. "सायकलचा यंदा गोल आहे."

ताडपत्रीतून डोकावणारं ते हँडल माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. पुढून पाहिलं तर रिक्शा म्हणजे सायकलच असते. मागून पाहायची बुद्धी मला झाली नव्हती.

"अन् रिक्शा आहे म्हणता," साहेबांना आता रंग चढला, "तं रिक्शा चालवाचा परवाना कुठी आहे? वरून सवारी बसवून चालले!"

हातठेलेवाले हसले. सायकली हातात धरलेले तर पोट धरून हसले. एका शिपायानं सायकल ट्रककडे ओढली. मी आयुष्यात पहिल्यांदा तत्त्वावर एक शब्दही बोललो नाही. बायको कॅरिअरवरून उतरून उभी होती आणि मला सोडून सगळ्यांकडे बघत होती. तिकडे बसची वेळ होत आली होती.

"साहेब," ती म्हणाली, "ही सायकल आहे का रिक्शा?"

"बिल्ला पाहाल तं रिक्शा."

"मंग मी सवारी."

"हो, म्हणजे..."

"सवारीचा काही गुन्हा आहे काय?"

"तुमचा कायचा गुन्हा बाई!"

"मंग सवारीले ठिकाणावर उतरवल्याबिगर रिक्शा जप्त कशी करता? माह्यी कोराडीले नोकरीची मुलाखत आहे अन् बर्डीवरून बस सुटून राहिली. मले पोचू द्या, मंग रिक्शा घ्या. या माणसाले घेतलं तरी माह्यं काही म्हणणं नाही."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पोरगी हुशार आहे. कोण लागते तुमची?"

"बायको."

"अरे बापा!" साहेब हळहळले. मग त्यांनी त्यातल्या त्यात जाडजूड शिपायाला बोलावलं. "जा रे यायच्यासोबत. बाईले बसमध्ये बसव अन् सायकल घेऊन ये. हा माणूस पळाला तं पळू दे, सायकल पळाली नाही पाहिजे."

शिपायाची स्वतःची सायकल नव्हती. तो माझ्या पुढच्या दांडीवर बसला.

तर अशी आमची मिरवणूक निघाली. पुढे खाकीतली जप्ती, मागे मुलाखत आणि मधे मी. शिपायाच्या टोपीमुळे मला रस्ता दिसत नव्हता, तो तोंडानं सांगत होता. "डावीकडे घ्या. गाय आहे. जोर लावा रिक्शावाले!" तलावाच्या काठापर्यंत ठीक होतं. रेल्वेच्या पुलाखालून निघाल्यावर चढ लागला आणि माझी छाती, जी मघाशी मी काढली होती, ती आत कुठंतरी हरवली.

"मी उतरते," बायको म्हणाली.

"सवारीनं उतराचं नसते बाई," शिपाई म्हणाला.

"मंग तुम्ही उतरा भाऊ. तुम्ही कुठी सवारी आहा?"

त्याला ते पटलं. बिचारा उतरला आणि मागून ढकलू लागला. महापालिकेनं माझ्यासाठी केलेली अशी सेवा मी तरी पुढे कधी पाहिली नाही.

बर्डीवर पोचलो तर बस हलली होती. मी "ओ ऽऽ" करून ओरडायला गेलो, पण श्वास कुठला? शिपायानं कमरेची शिट्टी तोंडात घातली आणि अशी फुंकली की बस तर थांबलीच, पलीकडचे दोन टांगेही थांबले. ड्रायव्हर घाबरून खाली डोकावला.

"काय झालं साहेब?"

"सवारी आहे," शिपाई म्हणाला आणि त्यानं दार उघडून धरलं.

बायको चढली. पायरीवर वळून तिनं मला हळूच विचारलं, "मागून पातळाले काही लागलं काय?"

सायकलच्या चेनीचं काळं ग्रीस तळहाताएवढं लागलं होतं.

"काहीच नाही वं," मी म्हणालो.

बस गेली. शिपायानं माझी सायकल घेतली आणि मला कॅरिअरवर बसायची खूण केली. अशा रीतीनं मी माझ्याच जप्त सायकलवर डबलसीट बसून पालिकेत गेलो. रांगेत उभा राहिलो. कर भरला, दंड भरला, गोल बिल्ला घेतला. पुढच्या माणसानं "काहून हो, हा धुराचा पैसा कशाले घेतात आपल्यापासून?" असं विचारलं, तेव्हा मी छताकडे बघत होतो.

संध्याकाळी दारातच उभा होतो. ती आली ती थेट चेहरा आवळून.

"ग्रीस होतं," ती म्हणाली.

"होतं."

"टायपिंग झाल्यावर साहेबानं विचारलं, बाई, हे काय लागलं पातळाले? सांगितलं सगळं. तिकोनी बिल्ल्यापासून. ते तिघंही साहेब हसून राहिले अन् मी उभी." ती पाणी प्यायली. "मंग त्यातला एक विचारते, कोराडी लांब आहे, बस चुकली तं रोज कशा याल?"

"मंग?"

"म्हटलं, चुकणार नाही. बसपर्यंत घरची रिक्शा आहे."

"अन् ते काय म्हणाले?"

"सोमवारपासून या म्हणाले."

मी आनंदानं भावाला सांगायला धावलो. तिनं मागून हाक मारली, "अवो, ते राहू द्या. आधी सायकलले तेल द्या. अन् कॅरिअरवर काहीतरी मऊ बांधा."