साडूंची लिंकांची वही

पृथ्वीच्या पाठीवर कुठल्याही देशात, कुठल्याही रानात एखाद्या पोराला दोरीची गाठ मारताना अडचण आली, तर तिचं उत्तर कोल्हापुरात, आमच्या साडूंच्या वहीत निघणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. शंका असलीच तर एवढीच, की ते उत्तर हाती लागेपर्यंत त्या पोराला मिसरूड फुटून त्याचं लग्नही झालेलं असेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शाळेत ते चित्रकला शिकवत आणि त्याच शाळेचं स्काउट-गाइडचं पथक चालवत. चित्रकला पोटासाठी होती, जीव सगळा पथकात. पुढे हातात स्मार्टफोन आला आणि त्यांना कळलं की स्काउट शिक्षकाला लागणारं सगळं, म्हणजे खेळ, गाणी, गाठी, तंबू, प्रथमोपचार, शिबिराच्या जेवणाची यादी, इंटरनेटवर फुकट पडलेलं आहे. फुकट पडलेली चांगली वस्तू उचलून ठेवायची नाही, हे त्यांच्या स्वभावात बसत नाही. त्यांनी उचलायला सुरुवात केली.

रोज सकाळी साडेपाचला माझा फोन वाजायचा. साडूंची लिंक आलेली असायची. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, पोरगा नोकरीला लागलेला, स्काउटशी माझा संबंध बायकोच्या माहेरापुरता. पण 'ज्ञान सगळ्यांसाठी असतं' या तत्त्वावर मी त्यांच्या यादीत आहे. त्यातली एकही लिंक मी आजवर उघडलेली नाही, हे इथे पहिल्यांदाच कबूल करतो. आठ वाजता त्यांचा फोन यायचा. "साडू, बघितलं न्हवं?" "बघितलं की." "मग मधला मुद्दा कसा वाटला?" "मधला मुद्दाच तर खरा," मी म्हणायचो, आणि ते गहिवरून म्हणायचे, "तुमच्यासारखा बघणारा माणूस न्हाय बघा ह्या गावात."

ही प्रत्येक लिंक ते वहीत हाताने उतरवून घेतात. एकदा रंकाळ्यावर फिरताना त्यांचा मोबाइल पाण्यात पडला, तेव्हापासून त्यांचा इंटरनेटवर पूर्ण विश्वास आहे, मोबाइलवर मुळीच नाही. चित्रकलेच्या मास्तरांचं वळणदार अक्षर. त्यात ओळच्या ओळ इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि तिरक्या रेघा. एखाद्याला लिंक हवी असली तर फोनवरून वाचून दाखवतात: "एच, टी, टी, पी, यस... लिवलासा? आता दोन टिंबं. आता दोन तिरक्या रेघा मारा." समोरच्याने चुकून एक रेघ कमी मारली की पुन्हा पहिल्यापासून. समासात मात्र स्काउटांच्या वाटेवरच्या खुणा असतात. रानातून जाताना मागून येणाऱ्यांसाठी स्काउट जमिनीवर खुणा सोडतात ना, त्याच. उपयोगी साइटपुढे बाण, म्हणजे 'या वाटेनं या'. टाकाऊ साइटपुढे फुली, म्हणजे 'इकडं नको'. आणि जी साइट बंद पडली तिच्यापुढे एक गोल आणि त्यात टिंब. त्याचा अर्थ, 'मी घरी गेलो'.

साइटवर वाचलेलं सगळं ते अमलात आणतात, हा त्यांचा खरा धोका. आजऱ्याजवळच्या एका शिबिरात त्यांनी कुठल्याशा थंड देशातली साइट वाचून पोरांच्या भाकरी, चटणी, गूळ सगळं पोत्यात भरून दोरीने उंच झाडाला टांगलं. का, तर अस्वल येतं. सकाळी पोतं जागेवर होतं, आत काही नव्हतं, आणि वरच्या फांदीवर वानरांचं एक कुटुंब तृप्त होऊन बसलं होतं. पोरं दुपारपर्यंत उपाशी. साडू डगमगले नाहीत. "पण अस्वल आलं का? न्हाय न्हवं? मग!" त्यांच्या मुलीची सुपारी पेठ वडगावला होती. तिथे त्यांनी व्याह्यांपुढे डावा हात केला, कारण स्काउट डाव्या हातानेच हात मिळवतात. व्याही पेठेतले जुने व्यापारी. त्यांनी आधी हाताकडे पाहिलं, मग आपल्या भावाकडे. सोयरीक मोडते की काय, या धास्तीने अक्कांनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने, डोळे मिटून घेतले. साडूंनी अर्धा तास डाव्या हाताचं महत्त्व समजावलं आणि व्याह्यांना तिथेच एक लिंक पाठवली. आता व्याहीही साडेपाचच्या यादीत आहेत.

मागच्या मे महिन्यात साडू निवृत्त झाले आणि ही गंमत जरा अवघड झाली. मुख्याध्यापिकांनी सरळ सांगितलं की, शाळेतला कुणी शिक्षक पथक घेणार असेल तर ठीक, नाहीतर पथक बंद. त्याच आठवड्यात स्काउट शिक्षकांची नोंदणी असलेल्या साइटवर साडूंना आपल्या नावापुढे 'निष्क्रिय' असा शब्द दिसला. नियमाप्रमाणेच होता तो, पण ते कुणाला काही बोलले नाहीत. अक्कांनीच मला हळूच वही उघडून दाखवली. पहिल्या पानावर त्यांनी स्वतःचं नाव आणि नंबर लिहून ठेवलेला आहे. त्याच्यापुढे पेन्सिलीने एक गोल काढला होता आणि आत टिंब. मी वही मिटून ठेवली.

पथकाला माणूस मिळवायचा म्हणून साडूंनी जिवाचं रान केलं, आणि जो मिळेल तो स्वतःच पळवून लावला. पीटीचे सर सकाळी हो म्हणाले. संध्याकाळपर्यंत त्यांना इतक्या लिंका गेल्या की दुसऱ्या दिवशी त्यांची कंबर धरली. गणिताचे सर जास्त टिकले, दोन दिवस. तिसऱ्या दिवसापासून ते घरी जायचा रस्ता बदलून जाऊ लागले. "ह्या माणसांस्नी शिकायचंच न्हाय की ओ," साडू मला म्हणाले, "मी एवढं ताट वाढून देतोय." मी म्हणालो, "साडू, तुम्ही ताट नाही, सगळं स्वयंपाकघर डोक्यावर ठेवताय." त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी नवशिक्यांना कसं शिकवावं यावरची लिंक मला आली.

शेवटी विज्ञानाला नवीन आलेल्या मॅडम उरल्या. कबनूरच्या, वडिलांचे यंत्रमाग. त्या घरी आल्या तेव्हा योगायोगाने मी तिथे होतो. साडूंनी वही पुढे केली. मॅडमनी चार पानं चाळली, घाम पुसला आणि म्हणाल्या, "सर, एवढं मला न्हाय जमणार. मला एक साधी गाठ बी येत न्हाय. तुम्ही एकच द्या. सगळ्यांत चांगली एक. ती बघून सांगते, हो का न्हाय ते."

एकच! साडूंचं पुढचे चार दिवस काय झालं ते अक्कांना विचारा. जेवताना वही, अंघोळीला जाताना वही. एक साइट निवडली की दुसरीवर अन्याय होतोय असं त्यांना वाटायचं. तांबड्या रश्श्यात त्यांनी चहाची साखर टाकली आणि चव बिघडल्याचा दोष अक्कांना दिला. मी म्हटलं, "साडू, कुठली तरी एक पाठवा. ही बाई गेली तर पथक संपलं." ते म्हणाले, "तेच भ्या वाटतंय ओ. चुकीची दिली तर?" त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदाच भीती ऐकली, आणि सात वर्षं मारलेल्या 'बघितलं की'च्या थापांची मला लाज वाटली.

शनिवारी त्यांनी मॅडमना मैदानावर बोलावलं. लिंक ठरलीच नव्हती. बरोबर दोरी आणि मोबाइल. दोन दोऱ्या जोडायची एक गाठ त्यांनी व्हिडिओवर लावली. व्हिडिओ मध्येच अडकला आणि चाक फिरत राहिलं. साडू घाईने मोबाइल हलवू लागले. तेव्हा मॅडम म्हणाल्या, "सर, थांबा. ही तर आमच्या मागावरची गाठ हाय." त्यांनी दोन्ही दोऱ्या हातात घेतल्या आणि दोन बोटांच्या चाळ्याने गाठ बसवली. "धागा तुटला की दिवसभर हीच मारत्यात. मी तर शाळेत जायच्या आधी शिकले." साडूंनी गाठ ओढून पाहिली, सोडवली, पुन्हा मारायला लावली. मग म्हणाले, "मॅडम, कसली साइट घेऊन बसलोय मी! तुम्ही हाईसा की." मॅडम हसल्या आणि हो म्हणाल्या. जाताना त्यांनी सवडीने बघायला वही मागून घेतली.

पथक सुरू राहिलं. माझा साडेपाचचा फोन मात्र बंद झाला, कारण वही मॅडमकडे, आणि वहीत उतरवल्याशिवाय लिंक पुढे पाठवायची नाही हा साडूंचा नियम. बायको म्हणाली, "आता झोपा की निवांत." पण मला साडेपाचला जाग येतेच, आणि मी उगीच फोनकडे बघतो.

परवा त्यांनी मला बोलावून घेतलं. "या जरा. वही परत आलीया, आणि खाडाखोड करून आलीया." मी गेलो. त्यांनी पहिलं पान माझ्यापुढे धरलं. त्यांच्या नावापुढचा गोल आणि टिंब खोडरबराने पार पुसलेलं होतं. तिथे एक लांब, सरळ बाण होता.

"पेनानं काढलाय बघा," साडू म्हणाले. "मास्तरांच्या वहीत पेनानं! पुसायला बी यायचा न्हाय." रागवायचा प्रयत्न करत होते, पण बोट त्या बाणावरूनच फिरत होतं. तेवढ्यात मोबाइल वाजला. मॅडमच होत्या, मैदानावरून. तंबूचा खांब उभा राहत नव्हता. आता लिंक शोधणार म्हणून मी चहा घेऊन निवांत बसलो. साडू फक्त म्हणाले, "हात लावू नगा, मी आलोच," आणि खुंटीवरचा स्कार्फ गळ्यात अडकवत चपला घालून बाहेर पडले.

"च्या तरी पिऊन जावा की!" अक्का दारातून ओरडल्या. ते कोपऱ्यावरून वळलेसुद्धा होते. वही आणि मोबाइल, दोन्ही टीपॉयवरच राहिले होते.