नदीच्या बाजूने मोजलेली पायरी

पुण्याचे साडू आले की त्यांना पवनी दाखवायचं काम माझ्याकडे येतं. किल्ल्याचा दरवाजा, खंदक, पंचमुखी गणपती आणि शेवटी वैनगंगेचा घाट. चार ठिकाणांना तीन तास पुरतात. या वेळी घाटामागच्या गल्लीत राहणारी माझी आत्याही सोबत आली.

घाटावर मी पायऱ्या मोजतच उतरलो. पाणी नवव्या पायरीला लागलं होतं. साडूंना म्हटलं, "बाबांच्या अस्थी इथंच सोडल्या. आईच्या जिथं सोडल्या होत्या तिथंच."

बाबांनी शेवटी तेवढंच मागितलं होतं. "तुझ्या आईले सोडलं तिथंच मले सोड. अकरावी पायरी." आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, मला घाटावर नेलं नव्हतं. म्हणून बाबांच्या वेळी वरून अकरा पायऱ्या दोनदा मोजल्या. धरण झाल्यापासून इथलं पाणी चढलेलंच असतं. त्या दिवशीही ते नववीवर होतं. मी आणखी दोन पायऱ्या पाण्यात उतरलो आणि अकरावीवर उभं राहून मडकं रिकामं केलं. काम चोख झालं, असं तीन वर्षं धरून चाललो होतो.

हे ऐकून आत्या म्हणाली, "वरून काहून मोजलं रे?"

"मग कुठून मोजू?"

"हिशोबी म्हणतेत तुले! अरे, तुझी आई गेली तेव्हा पूर होता, नदी अकरा पायऱ्या चढली होती. आमच्या गल्लीत तसंच सांगत. आज पाच चढली, आज आठ चढली. नदी का वरून खाली उतरते?"

साडू हसले.

"एकूण पायऱ्या किती आहेत, आत्या?"

"कोणाले ठाऊक. साऱ्या मोजाचं काम नाही पडलं कधी. आता तर खालच्या दिसतही नाहीत."

एकूण किती हे कळलं असतं, तर खालून अकरावी म्हणजे वरून कितवी, हे मी उभ्या उभ्या सांगितलं असतं. साधी वजाबाकी आहे.

"साडूभाऊ, नदी तर एकच आहे ना," साडू हळूच म्हणाले.

ते खरंच होतं. पण बाबांनी नदी सांगितली नव्हती, पायरी सांगितली होती.

मी चपला काढल्या आणि पाण्यात उतरलो. दहा, अकरा. शेवाळावर पाय सरकत होते. तेरा, चौदा. पंधरावीवर पाणी छातीला लागलं.

"वर ये लेका," आत्या ओरडून राहिली होती. "पाय घसरन."

अकरावी आता माझ्या पाठीमागे, वर होती. तिथं बाबा तीन वर्षं एकटे. आई पुढं कुठंतरी, खाली. मी एक पाय पुढं करून चाचपलं. सोळावी होती.