सव्वीस तारीख नसलेली लॅब

तुमचे फोन रात्री आपोआप अपडेट होतात आणि सकाळी तुम्ही कुरकुरता, की बटणं जागेवर नाहीत. मागच्या रविवारी धाकट्याने विचारलं, "आजी, तू कॉलेजात शिकवायचीस तेव्हा अपडेट कसं करायचे?" फोनवर सांगत बसले असते तर तुमची झोपायची वेळ टळली असती, म्हणून लिहून पाठवते. क्रमाने लिहिते, म्हणजे मध्येच अडणार नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. सांगलीत विश्रामबागला आमचं कॉलेज. मी मूळची गणिताची, पण इंग्रजीतून शिकलेली असल्यामुळे जाडजूड मॅन्युअलं न कंटाळता वाचते असा माझा लौकिक झाला, आणि त्या जोरावर प्राचार्यांनी कॉम्प्युटर लॅब माझ्या गळ्यात घातली. मदतीला एक निवृत्त सुभेदार होते. साताऱ्याकडच्या ऊसवाल्या घरातले, सगळी नोकरी फौजेत बिनतारी यंत्रांवर झालेली. लॅबच्या दाराशी चपला एका रेषेत लावल्या नसतील तर मुलांना आत सोडत नसत. आमचं दोघांचं जमायचं ते त्यामुळेच.

त्या वर्षी विद्यापीठाने प्रॅक्टिकलसाठी नवा प्रोग्रॅम लावला आणि तो आमच्या जुन्या सिस्टिमवर चालेना. सिस्टिमला आधी अपडेट द्यायला हवं होतं. डझनभर यंत्रं, एकमेकांना जोडलेली नाहीत. प्रत्येकावर आधी जुनी सिस्टिम टाकायची, मग वरून अपडेट चढवायचं, मग प्रोग्रॅम, असं करत बसलो असतो तर परीक्षा उलटून गेली असती. त्यावर उपाय असा, की सिस्टिमच्या मूळ सीडीवरच्या सगळ्या फाइली डिस्कवर उतरवायच्या, त्यांत जुन्याच्या जागी अपडेटच्या नव्या फाइली घालायच्या, आणि ते सगळं नव्या सीडीवर लिहायचं. मग ती एक सीडी प्रत्येक यंत्रात घातली की काम एका दमात. फक्त एक पथ्य होतं. कुठली फाइल कुठून उचलायची हे सेटअपला सांगणारी एक सूचनांची फाइल असते. आत बदल केला की तिच्यातही हाताने बदल करावा लागतो, नाहीतर सेटअप काढून टाकलेली जुनी फाइल मागत बसतो.

पहिल्या सीडीला नेमकं तेच झालं. गुरुवारी लॅबमध्ये लावून पाहिली. अर्ध्यावर यंत्र थांबलं आणि अतिशय सभ्य इंग्रजीत म्हणालं, की अमुक फाइल सापडत नाही, कृपया सीडी तपासा. ती फाइल सोडून पुढे जा असं सांगितलं तर पुढे गेलं, आणि पुन्हा चालू केल्यावर काळा पडदा.

माझ्या मागे एक विद्यार्थिनी उभी होती. आटपाडीची सून. मागल्या वर्षी ऐन प्रॅक्टिकलच्या आठवड्यात बाळंतपण आलं, लेखी सगळं सुटलं आणि तेवढं प्रॅक्टिकल राहिलं. आमचा तो अभ्यासक्रम त्या वर्षी बंद होणार होता, त्यामुळे आता राहिलं असतं तर पदवीच राहिली असती. प्रॅक्टिकल सोमवारी आणि मंगळवारी, दोन भागांत होतं; ती सरावासाठी आली होती. बाळ बाहेर व्हरांड्यात तिच्या आईच्या मांडीवर.

"मॅडम, सोमवारी व्हईल ना पण?"

"होईल."

"रविवारी बाहेरचे सर लॅब बघाय येणारेत म्हणं. लॅब तयार नसली तर सेंटर कोल्हापूरला जाणार, असं हापिसात म्हणत्यात."

ते खरं होतं.

"कोल्हापूरला मला न्हाई जमायचं," ती म्हणाली. "सासूबाई म्हणल्या, पहिल्या गाडीनं जा आन् दुपारच्या गाडीनं ये. मुक्काम करायचा न्हाई. लय भांडून एवढं मिळवलंय. आन् ह्याला घेऊन कोल्हापूर एका दिवसात जाऊन येणं हुतंय का, तुमीच सांगा."

व्हरांड्यात बाळ रडायला लागलं तशी ती गेली. सुभेदार पडद्याकडे बघत म्हणाले, "मंगळवारी सूचनेच्या फाइलीत आपण निम्मीच नवी नावं घातली, मॅडम. बाकी जुनीच ऑर्डर गेलीय पुढं."

शुक्रवारी त्यांनी ती फाइल दुरुस्त केली. ओळ न् ओळ मी वाचून दाखवली, त्यांनी टाइप केली, मग त्यांनी वाचली आणि मी ताडून पाहिली. मला समाधान वाटलं.

इथे आमच्या लॅबची एक रीत सांगायला हवी. त्या काळात एक व्हायरस फार माजला होता. तो यंत्रात गुपचूप पडून राहायचा आणि सव्वीस तारखेला जागा होऊन डिस्क पुसून टाकायचा. शेजारच्या एका क्लासची यंत्रं त्याने अशी पुसली होती. म्हणून सव्वीस तारीख आली की सुभेदार सकाळी सगळ्या यंत्रांची कॅलेंडरं दहा दिवस मागे करत आणि सत्तावीसला परत जागेवर आणत. पंचांगात एखादी तिथी क्षय असते ना, तशी आमच्या लॅबमध्ये सव्वीस तारीख क्षय होती. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "शत्रू यायच्या टायमाला आपण ठिकाणावर नसायचं, मॅडम. त्यो येतोय, रिकामी चौकी बघतोय आन् जातोय." मला ते पटलं होतं. अजूनही वाईट युक्ती होती असं मी म्हणणार नाही.

सीडी लिहिणारं यंत्र सांगलीत एका फोटोवाल्याकडे होतं, पण ते त्या आठवड्यात दुरुस्तीला पुण्याला गेलेलं. म्हणून पहिली सीडीसुद्धा आम्ही बुधवारी साताऱ्याहून आणली होती. तिथे सुभेदारांचा एक वर्गमित्र पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, आता कॉम्प्युटरचं दुकान चालवायचा. शनिवारी सकाळी ज्या यंत्रावर हे काम केलं त्याची डिस्क काढून टॉवेलात गुंडाळली, ती माझ्या पर्समध्ये, आणि आम्ही दोघं एसटीने साताऱ्याला. सुभेदार वाटभर ती पर्स खिडकीच्या बाजूला ठेवू देत नव्हते, ऊन लागेल म्हणून.

दुकानदाराने आम्हाला पाहून हात जोडले. "या मॅडम. काय रं सुभेदार, परत? पयली सीडी चहात बुडवून खाल्ली का काय?"

"बुडवली न्हाई, तुझ्यासारखीच निघाली. निम्म्यात बंद पडती."

"माझं काम चोख असतंय गड्या. तुमच्या फाइलीच येड्या."

डिस्क जोडली, त्याच्याकडे पहिल्या वेळचा सगळा साठा होताच, त्यात आमच्या नव्या फाइली घेतल्या, आणि सीडी लिहायला लावली. तेव्हा सीडी लिहायला पाऊण तास लागायचा आणि तेवढ्या वेळात त्या यंत्राला दुसरं काही सांगायचं नाही, धक्का लावायचा नाही, नाहीतर कोरी सीडी वाया. आम्ही तिघं चहा पीत तिच्याकडे बघत बसलो. जेवणाआधी सीडी तयार झाली. दुकानात चाचणीसाठी एक जुनं यंत्र होतं, त्यात घातली.

तिथेच थांबली. त्याच टक्क्यावर, त्याच फाइलीवर, त्याच सभ्य इंग्रजीत.

सुभेदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आसं कसं? काल दोघांनी तपासलंय."

"सीडीच खराब आसंल," दुकानदार म्हणाला. "ह्या लॉटमध्ये दोन-चार निघाल्यात तसल्या."

मलाही तेच ऐकायचं होतं. दुसरी सीडी लिहिली. पुन्हा पाऊण तास. सुभेदार बाहेर जाऊन बसची चौकशी करून आले. सांगलीची शेवटची थेट गाडी पाचला. तिच्यानंतर कऱ्हाडला बदलून जायचं, आणि ते शनिवारी कितीला पोचवील याचा नेम नाही. रविवारी दुपारी बाहेरचे परीक्षक येणार, त्याआधी सगळी यंत्रं लावून तयार हवी होती. शिवाय त्या भागात तीनच्या सुमाराला लाइट जायची, आणि आली तर साडेतीनला, नाहीतर तिच्या मर्जीने.

दुसरी सीडीही तिथेच थांबली.

दुकानदाराने सीडी उलटीपालटी करून पाहिली आणि बाजूला ठेवली. आता त्याने लॉटला दोष दिला नाही, ते मला सगळ्यात वाईट वाटलं. मी पुन्हा पुन्हा त्या ओळीकडे बघत होते आणि डोक्यात प्राचार्यांना फोनवर कुठल्या शब्दांत सांगायचं याची जुळवाजुळव सुरू झाली होती. आटपाडीच्या पोरीला कोण सांगणार, हा विचार आला तसा मी तो फोन मनातून काढून टाकला.

"आमच्या डिस्कवरची सूचनांची फाइल उघडून दाखवा," मी म्हणाले.

उघडली. बरोबर होती. नवी नावं, कालची दुरुस्ती, सगळं जागेवर.

"आता सीडीवरची."

ती उघडली. निम्मी जुनी नावं.

सुभेदार खुर्ची ओढून पुढे आले. "ही पयल्या वेळची हाय! ही कुठनं आली?"

"मी काय घरची घातली व्हय?" दुकानदार चिडला. "तुमच्या डिस्कवरनंच घेतलंय सगळं."

"भांडू नका," मी म्हणाले. "तुम्ही घेता कसं, ते सांगा. एकेक फाइल?"

"एकेक कोण घेतंय मॅडम, संध्याकाळ व्हायची. जुना साठा हायेच की माझ्याकडं. मशीनला सांगतो, ज्या फाइली नव्या असतील तेवढ्याच घे, बाकीच्याला हात लावू नको. सगळ्या गिऱ्हाइकांचं तसंच करतो."

"नवी कुठली, हे त्याला कसं कळतं?"

"तारखेवरनं. आणखी कशावरनं?"

मी सुभेदारांकडे पाहिलं. ते माझ्याकडे आधीपासूनच बघत होते.

"काल सव्वीस होती," मी म्हणाले.

"आयला," सुभेदार म्हणाले, आणि माझ्यासमोर हा शब्द गेला म्हणून लगेच जीभ चावली.

काल आमच्या लॅबमध्ये सोळा तारीख होती. सोळा तारखेच्या शिक्क्याची दुरुस्त फाइल दुकानातल्या यंत्राने पाहिली, आपल्याकडची मंगळवारची, तेवीस तारखेची आहे, म्हणजे हीच नवी, असं ठरवलं आणि आमची बाहेर ठेवली. चुकलेली फाइल जागेवर राहिली, दोन्ही वेळेला. बाकीच्या अपडेटच्या फाइली सव्वीसच्या आधीच डिस्कवर ठेवलेल्या, त्या पहिल्याच खेपेला आल्या होत्या. व्हायरसला फसवायला केलेल्या युक्तीने फसलो आम्हीच.

दुकानदाराला सगळं समजावून सांगितल्यावर तो इतका हसला की समोरचा पानवाला डोकावून गेला. "म्हंजे सुभेदार, तुमी शत्रूला चकवाय गेला आन् मलाच चकवलं की रं! चौकी रिकामी ठेवली ती ठेवली, आन् घड्याळबी चोरून नेलं!"

"हसू नगंस. कोरी सीडी काढ."

"एकच हाय."

हसणं तिथे संपलं. तीन वाजायला आले होते. फाइल उघडून पुन्हा जतन केली की तारीख आजची होते, तेवढं सुभेदारांनी केलं. मी सांगितलं, या वेळी नवी-जुनी काही बघू नका, आमच्या डिस्कवर आहे ते सगळंच्या सगळं घ्या. दुकानदार कुरकुरला, पण घेतलं. सीडी लिहायला लावणार एवढ्यात पंखा थांबला. लाइट गेली.

दुकानदाराच्या बॅटरीवर यंत्र चालू राहिलं, पण ती पाऊण तास टिकेल का, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. लिहिताना मध्येच बंद पडलं तर शेवटची सीडी गेली. थांबलो तर गाडी जाणार. सुभेदार म्हणाले, "लिवा." दुकानदार म्हणाला, "थांबा." दोघंही माझ्याकडे बघत होते आणि मला त्या क्षणी दोघांचाही राग आला होता, कारण दोघांचंही खरं होतं.

मी थांबायचं ठरवलं. घड्याळाकडे पाठ करून बसले. लाइट साडेतीनच्या जरा आधीच आली. ते नशीब, त्यात माझं काही नाही.

सीडी बाहेर आली तेव्हा सव्वाचार झाले होते. सुभेदार उठले. "चला मॅडम, स्टँडवर जायला पायजे."

"आधी लावून बघायची."

"आवं, गाडी जाईल!"

"न बघता नेली आणि उद्या लॅबमध्ये थांबली तर? उद्या रविवार. कुठे जाणार आपण?"

जुन्या यंत्रात सीडी घातली. टक्के चढत होते, इतके हळू की चढताहेत हे कळत नव्हतं. आधी जिथे थांबायचं तिथे आलं. थांबलं. दुकानदाराने माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, तो त्याला कळला नसावा. मग आकडा पुढे सरकला. आणखी एक, आणखी एक.

पुढचं बघायला आम्ही थांबलो नाही. दुकानदाराने स्कूटर काढली, मला मागे बसवलं आणि सुभेदारांना ओरडून सांगितलं, "तुमी फौजेतली मान्सं, पळा!" आणि सुभेदार खरंच पळत आले. गाडी हलली होती. दुकानदार तिच्यासमोर स्कूटर आडवी घालून कंडक्टरशी भांडत राहिला, आम्ही चढेपर्यंत.

रविवारी सकाळी उजाडताच सुभेदारांनी लॅब उघडली. परीक्षक आले तेव्हा शेवटचं यंत्र अजून चालू होत होतं. त्यांनी चष्मा वर करून एकेक पडदा पाहिला, विचारलं काहीच नाही, आणि सेंटर इथेच राहील असं प्राचार्यांना सांगून जेवायला गेले.

सोमवारी आटपाडीची पहिली गाडी उशिरा आली. प्रॅक्टिकल सुरू व्हायला काही मिनिटं असताना ती आली, घामाने भिजलेली, बाळ आईकडे देऊन थेट यंत्रासमोर. मी पर्यवेक्षक, त्यामुळे बोलता येत नव्हतं. वेळ संपायच्या बऱ्याच आधी तिने परीक्षकांना हाक मारली. त्यांनी प्रोग्रॅम चालवून पाहिला, दोन प्रश्न विचारले, मान हलवली, सही केली.

जाताना ती माझ्यापाशी थांबली. शनिवारचं तिला काही ठाऊक नव्हतं आणि ते तिला मी कधी सांगितलंही नाही.

"मॅडम, उद्याच्या भागात माझा नंबर आधी लावाल का? आज दुपारची गाडी गाठायची म्हणून घाई झाली. आधी बसले तर गाडीच्या आत जरा निवांत लिवता येईल."

मी परीक्षकांना विचारलं. लावला.