आमच्या अमोनाइटवर कुणाचाच विश्वास नव्हता

गिरगावातल्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं जिऑलॉजी शिकवतोय. दगड बाळगणाऱ्या माणसाकडे लोक संशयानेच बघतात, आणि दगड बाळगणारे तर एकमेकांकडेही! त्यामुळे किस्से गोळा करायला लागत नाहीत. डिपार्टमेंटच्या चहाच्या टेबलावर ते आपोआप साठतात.

दरवर्षी आम्ही मुलांना कच्छला नेतो. आज तिथे बाभळी आणि धूळ, पण सोळा-सतरा कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्र होता. त्याच्या तळाचा गाळ थराथराने साचून दगड झाला आणि त्यात अडकलेले शंख-शिंपलेही. त्यातला जिलबीसारखा वेटोळा शंख म्हणजे अमोनाइट. आमचा सगळ्यात लाडका!

एकदा परतताना दादर स्टेशनवर सामान तपासणाऱ्या पोलिसाने माझी सॅक उचलायचा प्रयत्न केला. जागची हलली नाही.

"काय आहे यात?"

"समुद्रातले प्राणी."

"मेलेले?"

"हो. सोळा कोटी वर्षांपूर्वी."

त्याने सॅकला नाक लावलं, मग माझ्याकडे रोखून पाहिलं. "मग वास कसा येत नाही?"

* * *

आमचे लॅब अटेंडंट बाबी परब काळाचौकीला राहतात. एकदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा कच्छचा एक शिंपल्यांनी भरलेला दगड त्यांच्या आईला दाखवायला नेला. म्हातारी मूळची देवगडची. दगडावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही तर कालवां!"

मी खूश. ऑयस्टर तिने एका फटक्यात ओळखले होते.

"खय गावली?"

"कच्छला, काकी. वाळवंटात."

तिने दगड माझ्या हातात परत ठेवला आणि मुलाला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबी, सर शिकलेले आसत, पण कोणीतरी त्यांका फसवल्यान हां!"

* * *

आमच्या हेड कर्णिक मॅडम. डिपार्टमेंटच्या छोट्या म्युझियममधल्या प्रत्येक नमुन्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, ठिपक्यावर नंबर, आणि येणाऱ्या प्रत्येकावर नजर. एकदा तपासणीला आलेल्या कमिटीतले एक वयस्कर सर निघताना मॅडमनी त्यांना दारातच अडवलं.

"सर, खिशात काय आहे?"

आम्ही सगळे गार! सरांनी निमूटपणे एक प्लॅस्टिकची डबी काढली. आत वाटाण्याएवढा दगड.

"माझाच आहे हो. येताना हॉस्पिटलमधून घेतला. किडनीतला."

मॅडमनी भिंग लावून तो सगळ्या बाजूंनी पाहिला. "बरोबर. नंबर नाहीये."

* * *

आणि दिशा. लालबागची. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी कच्छच्या एकाच टेकडीवर अठरा दिवस उन्हात बसली होती. शेवटच्या दिवशी तिला बशीएवढा, एकही ओरखडा नसलेला अमोनाइट सापडला. मला फोन केला तेव्हा तिला धड बोलताही येत नव्हतं.

व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी तो हातात घेतला आणि हसले.

"इतका स्वच्छ? असे सिमेंटचे बनवून टुरिस्टना विकतात. कुठल्या दुकानातला?"

दिशाने फील्डची वही पुढे केली.

"वही घरी बसूनही भरता येते."

"सर, मी स्वतः ती जागा पाहिलीये," मी म्हणालो.

"तुम्ही गाईड. तुम्ही तसंच म्हणणार!"

दिशा उठली. लॅबमधून हातोडी घेऊन आली.

"दिशा, नको!" मी ओरडलो.

पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्याला मधोमध दोन तुकडे. आत एकामागोमाग एक, लहान लहान होत गेलेले कप्पे, आणि प्रत्येकात स्फटिक चमकत होते. सिमेंटमध्ये असं काही कुणाच्या बापाला भरता येणार नाही. दिशाने हातोडी बाजूला ठेवली.

परीक्षक टेबलावर वाकले. मग एक तुकडा अलगद उचलून, खालच्या आवाजात म्हणाले, "हा... मी नेऊ?"

दिशाने मार्कांचा कागद त्यांच्यासमोर सरकवला.

"आधी सही, सर."